सार्वजनिक ग्रंथालयात इंटर्नशिपचा पहिला दिवस कसा असतो? नुसती पुस्तकं लावायला लावतात का?

तुम्ही लिहिलंय की सोमवारपासून बडोद्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात इंटर्नशिप सुरू होतेय, गुजराती हळू वाचता येतं, आणि दिवसभर पुस्तकंच लावायला लावली तर शिकणार काय ही धास्ती आहे. बी.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला) असताना मीही याच शहरात इंटर्नशिप केली, म्हणून माझा पहिला दिवस सांगते.

हो, पुस्तकंच लावायला लावतील. मनापासून लावा.

मी दहाला पोचले तेव्हा अभ्यासिका भरलेली होती, सगळी स्पर्धा परीक्षांची मुलं. आलेल्या वर्तमानपत्रांवर शिक्के मारले, नवीन पुस्तकांवरही मारले. तो शिक्का पहिल्या पानाबरोबर आतल्या एका ठरलेल्या पानावरही असतो, म्हणजे पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. मग देवघेवीच्या टेबलावरून परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली माझ्याकडे आली.

ड्यूई दशांश पद्धत, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत, मला पाठ होती. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, पुढे १ आला की कविता, २ नाटक, ३ कादंबरी-कथा. मराठीच्या रॅकशी मी भराभर हात चालवला. ८९१.४६०९ असे आकडे असलेली तीन-चार पुस्तकं होती, साहित्याचा इतिहास आणि समीक्षा. ४६०९ हा ४६३ पेक्षा मोठा, म्हणून ती मी कादंबऱ्यांच्याही पलीकडे, जिथे ८९१.४७चं गुजराती साहित्य सुरू होतं तिथे नेऊन ठेवली.

दुपारी दांडिया बाजारातले एक आजोबा आले. मंडळात मराठी समीक्षेवर बोलायचं होतं. सोमवारी अर्धवट टिपणं काढून परत केलेलं पुस्तक त्यांना पुन्हा हवं होतं. नोंदीत पुस्तक जमा. रॅकवर जागा रिकामी. मी दोनदा सगळा कप्पा चाळला. आजोबा काही बोलले नाहीत, काठी टेकून उभे राहिले, आणि तेच मला जास्त लागलं. ग्रंथपाल बाई त्यांना खुर्ची देऊन आत आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ गुजरातीच्या कोपऱ्याशी जाऊन पुस्तक काढून आणलं. “बेटा, दशांश चिन्हानंतरचा एकेक आकडा वाचायचा. शून्य तीनच्या आधी येतो की नाही? मग ४६०९ आधी, ४६३ नंतर. नवीन मुलं नेहमी इथेच ठेवतात.” एवढंच. मग मला शेजारी उभं करून त्यांनी अख्खी ट्रॉली पुन्हा लावून घेतली.

चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक चोरीला गेल्यासारखंच असतं, उलट त्याहून वाईट, कारण नोंद म्हणत राहते की ते आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्या आजोबांच्या अर्ध्या तासाने कळला.

संध्याकाळी घरी न जाता मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. तुम्हीही पहिल्याच आठवड्यात जा. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत. तिथल्या रॅकच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावरही उतरतो. मी खाली बसून सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांकडे बघत राहिले. आपलं पुस्तक वाचकाला सापडावं म्हणून कुणीतरी जमिनीतून उजेड येऊ दिलाय, याचं मला अजून भरून येतं.

आता तुमच्या गुजरातीबद्दल. पुस्तक लावायला आधी वर्गांक (तोच विषयाचा आकडा) आणि त्याखालची लेखकाच्या नावाची दोन-तीन अक्षरं वाचता आली की पुरतं. गुजराती लिपीतली बरीच अक्षरं आपल्यासारखीच, फक्त डोक्यावरची रेघ नसलेली. अडतात ती मुख्यतः अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ल. ही नऊ एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, आठवड्याभरात लागणार नाही. टेबलावर बसवलं आणि कुणी भराभर गुजरातीत बोललं तर “जरा धीमे बोलो ने” म्हणा, बडोद्यात कुणी राग मानत नाही, उलट निम्मे लोक मराठीत बोलायला लागतात.

सोबत पेन्सिल न्या (पुस्तकांजवळ पेन नको), धुळीसाठी सुती रुमाल न्या, आणि पहिल्याच दिवशी बाईंना विचारा की नवीन मुलं कुठे चुकतात. त्या रॅकशी नेऊन दाखवतील.