चाळीसचं भोक, अठ्ठावीसचा स्टोमा

"ताई, पिशवी रोज गळते, कातडी सोलवटलीय. ऑपरेशनच बिघडलं असेल का हो?"

इलिओस्टॉमीनंतर घरी गेलेल्या माणसांचा हा प्रश्न माझ्यापर्यंत सारखा येतो. या वेळी कोपरखैरणेच्या काकू विचारत होत्या. काका मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आतली शिवण भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं, हीच इलिओस्टॉमी. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्याला सात आठवडे झाले होते.

काका बोलत नव्हते. गाडीत बसायला जागा होती तरी ठाण्यापर्यंत उभे आले, असं काकूंनी सांगितलं. माझ्यासमोरही खुर्ची नको म्हणाले. बसलं की गळतं, हे त्यांनी स्वतःशीच ताडलं होतं. त्या उभं राहण्यातच मला निम्मं कळलं.

पिशवी काढल्यावर मी आधी चकतीची, म्हणजे पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या भागाची, मागची बाजू बघते. मळ कुठल्या वाटेने गेला ते तिथे उमटलेलं असतं: ती जागा पांढरट, फुगलेली, झिजलेली दिसते. काकांच्या चकतीचं भोक सगळीकडूनच खाल्लं गेलं होतं, उजव्या अंगाला जास्त. मापपट्टी लावली. स्टोमा २८ मिलिमीटर. भोक ४०चं. हॉस्पिटलमध्ये सिस्टरांनी पहिल्या दिवशी आखून दिलेला भोकाच्या मापाचा कागद काकू अगदी निष्ठेने वापरत होत्या. पण सुरुवातीला सुजलेला स्टोमा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आक्रसतो, म्हणून या काळात दर आठवड्याला नवं माप घ्यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला याची फार हळहळ वाटते. एका वाक्याचं काम होतं.

भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. उघड्या कातडीलाही ते पचवू लागतात. काकांची आग आग होत होती ती त्यामुळे. काकूंनी त्यावर खोबरेल तेल आणि हळद लावली, वरून चिकटपट्टीचे थर दिले. त्यांच्या मायेला मी नावं कशी ठेवू? पण तेलावर चकती धरत नाही, आणि पट्टीने गळती थांबत नाही, मळ आत कोंडून राहतो. गळायला लागली की पिशवी बदलायची, मग ती सकाळीच लावलेली का असेना.

मग काकांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. स्टोमाच्या उजवीकडे पोटाला खोल घडी पडली. झोपून माप घेतलं तर ही घडी दिसतच नाही. तिथे खोलगट जागा भरून काढणाऱ्या स्टोमा पेस्टची बारीक वळी भरली. तेवढ्याने भागलं नसतं तर आतून फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स चकती वापरून बघितली असती. कातडी नुसत्या कोमट पाण्याने धुतली, ना साबण ना डेटॉल. मलमलीच्या कापडाने टिपून कोरडी केली. ओलसर भागावर स्टोमा पावडर भुरभुरली, जास्तीची झटकून टाकली, कारण सुट्या पावडरीवरही चकती टिकत नाही. लावल्यावर काकांनी स्वतःचा तळहात पाच मिनिटं त्यावर दाबून धरला. उबेने ती नीट बसते. लालीच्या बाहेर बारीक पुळ्या पसरून खाज सुटली असती, तर मी बुरशी धरून डॉक्टरांकडे पाठवलं असतं. ती नव्हती.

पिशवी बदलायला पहाटे, चहाच्या आधीची वेळ बरी, तेव्हा मळ कमी येतो. आणि एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. भरलेल्या पिशवीचं वजन चकती ओढून काढतं.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटली. गळू नये म्हणून काका दिवसाला एकच भाकरी खात होते आणि पाणी जवळजवळ तोडलं होतं. ओठ सुकलेले, लघवी गडद. इलिओस्टॉमीत पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून हे भलतंच धोक्याचं. मी त्यांच्या सर्जनना तिथूनच फोन लावला. ओआरएस सुरू झालं, मिठाची पेज आणि दहीभात वाढला. दिवसाला दीड लिटरच्या वर मळ गेला, किंवा पोटात कळा येऊन चार-सहा तास काहीच आलं नाही आणि उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, हे काकूंकडून दोनदा वदवून घेतलं.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. पिशवी तीन दिवस टिकली होती, लाली फिकी पडली होती.

"आणि ताई, चकती उलटून बघितली. पांढरं फक्त खाली, सहाच्या काट्यापाशी आहे."

"मग आज तिथे पेस्ट थोडी जास्त घाला," मी म्हटलं. "आणि माप घेतलंत?"

"सव्वीस. नवा कागद कापून ठेवलाय."