सगळ्यात आजारी पेशंट मागून घे

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. भूल देणारी नर्स होण्याच्या दोन प्रोग्रॅमचा नकार आला, तिसऱ्याने मुलाखतीलाही बोलावलं नाही, आणि आता रिकव्हरी रूममधली, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येतात तिथली, दिवसपाळीची नोकरी समोर आहे. "ताई, तिथे निवांत अभ्यास तरी होईल," असं लिहिलंयस. जाऊ नकोस. बाकीचं सगळं नंतर वाचलंस तरी चालेल, एवढं आधी ऐक.

भूल देणारी नर्स व्हायला इथे अमेरिकेत क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतला, किमान वर्षभराचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि रिकव्हरीतलं काम बहुतेक प्रोग्रॅम त्यात धरत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. पण मी नियमापुरतं बोलत नाहीये. मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमच्या सगळ्यात आजारी पेशंटबद्दल सांगा." त्या प्रश्नाला तुझ्याकडे खरं उत्तर हवं. सर्टिफिकिटं, कमिट्या, मुलाखतीचा महागडा क्लास यातलं काहीही ते उत्तर तुला देणार नाही. म्हणून सगळ्यात आजारी पेशंट मागून घे. प्रत्येक शिफ्टला.

तू लिहिलेला सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाने प्रेशर कोसळलेला, पेशंटच बघ. "नॉरएपिनेफ्रिन वाढवत नेलं, मग डॉक्टरांनी व्हॅसोप्रेसिन सांगितलं, ते लावलं, प्रेशर सुधारलं." आणि तिथेच थांबलीस! अगं, दोन्ही प्रेशर वाढवणारीच औषधं, मग व्हॅसोप्रेसिनच का? त्याचा पीएच ७.१ होता असं तूच लिहिलंयस. रक्त इतकं आम्लीय झालं की नॉरएपिनेफ्रिन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे औषध पकडणाऱ्या पेशीवरच्या जागांवर, काम करतं ते नीट दाद देत नाहीत. व्हॅसोप्रेसिनचा रिसेप्टर वेगळा, म्हणून ते अशा वेळी रक्तवाहिन्या आवळू शकतं. मग ०.०३ युनिटवर ठेवून दिलं आणि नॉरएपिनेफ्रिनसारखं वरखाली केलं नाही, ते का? त्याच्या बोटांचा रंग कसा होता? तासाला लघवी किती होत होती? पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते लॅक्टेट उतरलं का? दुसरा प्रश्न घे. फेनिलेफ्रिन हे वाहिन्या आवळणारं औषध दिलं आणि नाडी ८० वरून ५२ वर आली, तर काय झालं? वाहिन्या आवळल्या, प्रेशर चढलं, मानेतल्या आणि महाधमनीतल्या बॅरोरिसेप्टरना, म्हणजे दाब ओळखणाऱ्या नसांच्या टोकांना, ते कळलं आणि व्हेगस नर्व्हने हृदय मंद केलं. पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. पण पहाटे तीनला मॉनिटरवर तो आकडा उतरताना तू स्वतः पाहिलास आणि घरी जाऊन तेच अर्धं पान उघडलंस, तर ते कायमचं तुझं होतं.

मार्कांची एवढी धास्ती घेऊ नकोस. चारपैकी ३.१ जीपीए म्हणजे दार बंद नाही. बीएस्सीला केमिस्ट्रीत कमी पडले असतील तर कम्युनिटी कॉलेजमधून तो विषय पुन्हा कर, शिवाय पदव्युत्तर पातळीचा पॅथोफिजिऑलॉजीचा एक कोर्स घे आणि दोन्हींत ए मिळव. आणखी एक मास्टर्स करण्याचा विचार डोक्यातून काढ. सीसीआरएन ही क्रिटिकल केअर नर्सिंगची परीक्षा दे, त्यासाठी दोन वर्षांत पेशंटच्या सेवेचे १७५० तास भरावे लागतात आणि त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले, तेही आयसीयूतच भरतील. पैशांचं मात्र आत्तापासून बघ. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, किमान ३६ महिने, आणि त्या काळात नोकरी जवळजवळ अशक्य असते. त्यात सरकारचं पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस कर्ज जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. नाइटचा जादा भत्ता साठव.

मी एवढी हट्टाने का सांगतेय, तेही ऐक. माझी मुलगी लहान होती तेव्हा मी एका छोट्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख, मायाळू होती. "घरी बाळ आहे, तू हलका पेशंट घे," म्हणायची. त्या मायेत माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्याची हळहळ मला आजही आहे. मग मी तासभर लांबच्या हार्ट सर्जरी आयसीयूत नाइट धरली. नातेवाइकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. आई असून पोरीला रात्री टाकून जाते, म्हणाले. तिच्या शाळेचे कार्यक्रम हुकले, तिला तापात सोडूनही गेले. पण त्याच रात्रींनी मला घडवलं, आणि माझी मुलगी हे समजते. मला आणखी कुणाला उत्तर द्यायचं नाही.

गावाकडे अजून लग्नाकार्यात विचारतात, "नर्स कशी भूल देईल? ते तर भूलतज्ज्ञाचं काम." तिकडे ते एमडी डॉक्टरचंच काम आहे, म्हणून त्यांना नवल वाटतं. इथली गोष्ट जुनी आहे. मेयो क्लिनिकच्या मेयो बंधूंकडे काम करणाऱ्या अ‍ॅलिस मगॉ या नर्सने १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक भुलींचा अहवाल छापला आणि त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. अगाथा हॉजिन्सने क्लीव्हलँडमध्ये १९३१ साली या नर्सांची राष्ट्रीय संघटना उभी केली. आपण कुणाच्या जागेवर जाऊन बसलेलो नाही. तुलाही विचारतीलच, तेव्हा खाली मान घालू नकोस.

असो, तुझ्याबद्दल बोलत होते. रिकव्हरीच्या नोकरीला आजच नको म्हणून कळव. पुढच्या शिफ्टला चार्ज नर्सला सांग, हृदयाला आधार देणारा बलून पंप असलेला किंवा प्रेशर वाढवणारी दोन-तीन औषधं चालू असलेला पेशंट मला द्या. ती म्हणेल, अजून तयार नाहीस. म्हण, अनुभवी कुणीतरी शेजारच्या खोलीत असू दे, पण पेशंट मला द्या. पहिल्यांदा नाही मिळाला तर पुन्हा माग. एखाद्या सीआरएनएबरोबर, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सबरोबर, दिवसभर ओटीत उभी राहा. इंडक्शनच्या वेळी, म्हणजे भूल चढवताना, प्रोपोफॉल हे भुलीचं औषध जाताना तिचा एक हात मास्कवर असतो आणि डोळे मॉनिटरवर. त्या क्षणी ती काय शोधते, ते केस संपल्यावर तिला विचार.

आणि तुझा निबंध. आजीच्या आजारपणाचा पहिला परिच्छेद पूर्ण काढ. त्या जागी सेप्सिसचा पेशंट घाल, वरच्या सगळ्या 'का'च्या उत्तरांसकट. रविवारपर्यंत पाठव, मी नाइटवरून आले की वाचते.

तुझी,
ताई