‘जगाच्या पाठीवर’, पण पाठ कुणाची?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: “‘जगाच्या पाठीवर कुठेही’ असं आपण म्हणतो, त्यातली पाठ नेमकी कुणाची? पृथ्वी शेषाच्या पाठीवर आहे म्हणून तसं म्हणतात, असं मुलाला कुणीतरी सांगितलंय. खरं का?”

ताई, गोष्ट झकास आहे, पण जुळत नाही. शेष पृथ्वी पेलतो ती फण्यावर. पाठीचा मान कासवाचा. जयदेवाच्या गीतगोविंदात कूर्मावताराला ‘क्षितिरतिविपुलतरे तव तिष्ठति पृष्ठे’ म्हटलंय, म्हणजे तुझ्या विशाल पाठीवर पृथ्वी उभी आहे. मग कासवाची पाठ म्हणायची का? तेही नाही. कासवाच्या पाठीवर जग असतं आणि आपल्या वाक्प्रचारात जगाच्या पाठीवर आपण असतो. षष्ठी जगाला लागलीय, कासवाला नाही.

खरी किल्ली ‘पृष्ठ’ या संस्कृत शब्दात आहे. त्याचंच प्राकृतातून आलेलं रूप म्हणजे आपली ‘पाठ’. (हिंदीत त्याचं ‘पीठ’ झालं. आपल्याकडे ते गिरणीत मिळतं.) माणूस दोन पायांवर उभा राहतो म्हणून त्याची पाठ मागे जाते. घोडा, बैल, हत्ती यांची पाठ मागे नसते, वर असते, आणि तिच्यावर बसता येतं. त्यामुळे संस्कृतात ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ आणि ‘पृष्ठ’ म्हणजेच वरची बाजू, वरचा पसरट भाग. वामन शिवराम आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत कोशात हे दोन्ही अर्थ आहेत, शिवाय घराची गच्ची आणि पुस्तकाचं पानही आहे.

मुलाला पटवायला कोशही नको, शाळेचं दप्तर पुरे. जीवशास्त्रात ‘पृष्ठवंश’ म्हणजे पाठीचा कणा, पण गणितातलं ‘पृष्ठफळ’ आणि भौतिकातला ‘पृष्ठताण’ यांचा पाठीशी काडीचा संबंध नाही. तिथे पृष्ठ म्हणजे निव्वळ वरचा थर. आणि ‘मुखपृष्ठ’? पृष्ठ म्हणजे फक्त पाठ असती, तर या शब्दाने तोंड आणि पाठ एकाच कागदावर छापली असती!

तेव्हा ‘जगाच्या पाठीवर’ म्हणजे भूपृष्ठावर, जमिनीच्या वरच्या अंगावर. हा प्रयोग जुना आहे. आठव्या शतकातल्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकात, तिसऱ्या अंकात, सीता ‘अवनिपृष्ठा’वर वावरत असताना वनदेवतांनाही दिसणार नाही, असा गंगेचा प्रभाव सांगितलाय. अवनिपृष्ठ म्हणजे शब्दशः पृथ्वीची पाठ. भवभूतीचं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं, म्हणजे माणूस आपल्याच मुलखातला. त्यामुळे हा वाक्प्रचार इंग्रजीवरून उचललाय ही शंकाही मिटते. इंग्रज तर पृथ्वीच्या तोंडावर (‘on the face of the earth’) हिंडतात.

आता मला यातला जास्त रस वाटणारा भाग. ‘जगात’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ सरसकट अदलाबदल करता येत नाहीत. ‘जगात महागाई वाढली’ ठीक, पण ‘जगाच्या पाठीवर महागाई वाढली’ म्हणून बघा, कानाला खटकतं. ‘जग काय म्हणेल’ मध्ये जग म्हणजे माणसं, बहुतेक वेळा तर सोसायटीतली चार घरं. ‘पाठीवर’ जोडलं की माणसं बाजूला होतात आणि जमीन पुढे येते: जायची, शोधायची, पायाखाली घालायची. म्हणून या वाक्प्रचाराच्या शेजारी ‘कुठेही’, ‘कुठेच नाही’, ‘असा दुसरा नाही’ असले शब्द हमखास सापडतात. ‘जगाच्या पाठीवर कुठेही जा, मामलेदारच्या मिसळीसारखी तिखट मिसळ मिळायची नाही’ हे ठाणेकराचं वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. सत्यतेबद्दल पुणेकर आणि कोल्हापूरकर बघून घेतील.

तसंच, डायनासोर ‘पृथ्वीच्या पाठीवरून’ नाहीसे होतात. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ उतरलं ते ‘चंद्राच्या पृष्ठभागावर’. ‘चंद्राच्या पाठीवर’ असं लिहिलं असतं, तर निम्म्या वाचकांना ते चंद्राच्या पलीकडच्या, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला उतरलं असं वाटलं असतं.