नाकातला हरभरा आणि भिंतीवरची आगगाडी

तीन वर्षांच्या लेकीने हॉलच्या भिंतीवर खडूने (मेणाच्या) आगगाडी काढली आहे. इंजिन सोफ्यामागे आणि डबे थेट देवघरापर्यंत. ओल्या फडक्याने पुसलं तर गाडी तशीच राहिली, भिंतीचा रंग मात्र फडक्यावर आला. आता काय करू?

रंग फडक्यावर आला म्हणजे भिंतीला डिस्टेंपर आहे. तिथे घासणं थांबवा. पाण्याने रंग उतरतो आणि मेण जिथल्या तिथे राहतं, कारण मेणाला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. जुनं एटीएम कार्ड आडवं धरून वरचा थर हलकेच खरवडा. मग भिंतीवर पांढरा टिश्यू धरून हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. मेण वितळून टिश्यूत शोषलं जातं. टिश्यूची जागा सारखी बदला, नाहीतर तेच मेण पुढच्या डब्याला लागेल. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई भिंतीला लागते. खोबरेल तेलाचा उपाय कोणीतरी सांगेलच. मेण तेलात विरघळतं हे खरं, पण डिस्टेंपर ते तेल पिऊन बसतो आणि आगगाडीच्या जागी पिवळट डाग उरतो.

भिंतीला प्लास्टिक पेंट असेल तर काम सोपं आहे. ओल्या मऊ फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने गोल फिरवा. जोर लावलात तर रेघ जाईल, पण तेवढाच तुकडा चकाकत राहील. बॉलपेनसाठी कापसावर सॅनिटायझर घेऊन टिपा. आधी दारामागच्या कोपऱ्यात करून पाहा. स्केचपेन सहसा साबणाच्या पाण्याने जातं.

यातलं काहीच जमलं नाही आणि रंगारी बोलवायची वेळ आली, तर त्याला मेणाचं आधी सांगा. मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, थोड्या दिवसांत पोपडे येतात. पॉलिश पेपर मारून, प्रायमरचा हात देऊनच वर रंग लावायचा. तोवर सोफ्यामागे चार फुटांपर्यंत ब्राऊन पेपर चिकटवून टाका. या वयात हात वर करूनही त्याच्या पलीकडे पोचत नाही. अर्थात स्टूल सापडेपर्यंतच.

अडीच वर्षांच्या मुलाने नाकात हरभरा घातला. उसळ करायला डबा काढला होता, त्यातलाच. विचारलं तर म्हणतो, "झोपलाय तो." कसा काढायचा?

कोरडा हरभरा आहे, म्हणून पहिली गोष्ट: नाकात पाणी किंवा तेलाचे थेंब घालू नका. रात्रभर भिजवल्यावर तो किती फुगतो हे रोज डाळी भिजवणाऱ्या बाईला सांगायला नको. नाकात तो तेच करतो आणि घट्ट बसतो. चिमटा, केसाची पिन, इअरबड यांतलंही काही नको. गोल, गुळगुळीत वस्तू चिमट्यात येत नाही, मागे सरकते. मिरपूड हुंगवून शिंक काढण्याचा घरगुती उपायही धोक्याचा, कारण शिंकेच्या आधी मूल जोरात श्वास आत घेतं.

मूल शांत असेल तर एक उपाय घरी करता येतो. डॉक्टरही तो सांगतात आणि तो आईने किंवा बाबांनी करायचा असतो. त्याला मांडीवर बसतं धरा, आडवं करू नका. "मोठ्ठा पापा देते" म्हणा, म्हणजे तो तोंड उघडून थांबेल. तुमचे ओठ त्याच्या उघड्या तोंडावर असे टेकवा की कडेने हवा जाणार नाही. जी नाकपुडी मोकळी आहे ती बोटाने बंद करा. आधी हळूच फुंकून पाहा. आतून किंचित अडल्यासारखं वाटलं की एकच छोटी, जोरकस फुंकर मारा. ती हवा घशामागून वर जाते आणि हरभरा अडकलेल्या नाकपुडीतून बाहेर पडताना त्याला पुढे ढकलते. दहापैकी साधारण सहा मुलांमध्ये हे जमतं. हरभरा बहुधा तुमच्या गालावरच येऊन आपटतो. निदान नाकपुडीच्या तोंडाशी आला तरी काम झालं. दोन-तीनदा करून जमलं नाही तर पुढचा प्रयत्न कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना करू द्या.

नाक शिंकरता येणाऱ्या मोठ्या मुलाला तोंड मिटून, मोकळी नाकपुडी दाबून, जोरात शिंकरायला सांगितलं तरी पुरतं. अडचण एवढीच की अडीच वर्षांच्या मुलाला "शिंकर" म्हटलं की तो नाक वर ओढतो.

हरभरा निघाल्यावर दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कानही पाहा. ज्याने एक झोपवला त्याने दुसऱ्यालाही जागा शोधलेली असू शकते. एकाच नाकपुडीतून चार-पाच दिवस घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर सर्दीचं औषध बदलण्याआधी आत काही आहे का ते बघून घ्या.

हे सगळं हरभरा, मणी, वाटाणा यांच्यासाठी. रिमोट, खेळणं किंवा घड्याळातला बटणासारखा सेल नाकात गेला असेल तर घरी काहीच न करता त्याच क्षणी रुग्णालयात जा. ओल्या त्वचेला लागला की सेलमधून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि काही तासांत आतलं मांस जळतं. तो सेल गिळला असेल तर अन्ननलिकेला दोन तासांतही इजा होऊ शकते. दोन चुंबकं असली तरी हाच नियम. आणि कुठल्याही वस्तूनंतर अचानक ठसका, शिट्टीसारखा श्वास किंवा घरघर सुरू झाली, तर ती वस्तू नाकातून खाली गेली असं धरूनच निघा.

माझा अडीच वर्षांचा मुलगा "मी येते", "मी खाते", "मी दमले" असं बोलतो. सासूबाईंना काळजी लागली आहे. नवरा हसतो आणि मुद्दाम पुन्हा बोलायला लावतो. (ठाणे)

त्याचा तर्क बिनचूक आहे. "मी" हा शब्द त्याला दिवसभर कोणाच्या तोंडून ऐकू येतो? "मी आले हं", "मी दूध तापवते", "मी आता रागावणारे." त्याने नियम काढला: "मी" आला की क्रियापदाला "ते" लागतं. "येतोस का" हेही तो ऐकतो, पण ते "तू" बरोबर. दोन्ही जोडून "म्हणजे मी येतो" इथवर पोचायला त्याला स्वतःच्या कानांनी "मी येतो" पुष्कळदा ऐकावं लागेल, आणि ते बोलणारा माणूस घरी रात्री साडेआठला येतो. बाबांकडे जास्त राहणाऱ्या मुली "मी जातो" म्हणतात, तेही याच हिशेबाने. कोल्हापूरकडच्या घरांत हा पेच पडतच नाही. तिथे आईसुद्धा "मी आलो" म्हणते.

"येते नाही, येतो म्हण" असं दुरुस्त करत बसू नका. तो मान हलवेल आणि म्हणेल, "बरं, मी येतो म्हणते." त्याऐवजी त्याचंच वाक्य बरोबर रूपात परत द्या. तो "मी खाते" म्हणाला की "हो? तू खातोस? बाबा म्हणतो, मीपण खातो." खरं औषध बाबांकडे आहे. रोज आंघोळीच्या किंवा भाजी चिरण्याच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं त्यांनी आपण काय करतोय ते मोठ्याने बोलायचं: "मी गाजर घेतो, मी सोलतो, मी थकलो." हसून पुन्हा बोलायला लावणं मात्र थांबवायला सांगा. टाळ्या पडतात ते वाक्य मूल सोडत नाही.

याच वयात "केलं" ऐवजी "करलं" ऐकू येईल, आणि स्वतःला पाणी हवं असताना "तुला पाणी पाहिजे" असंही. दोन्ही चांगली लक्षणं आहेत. मूल पोपटपंची सोडून व्याकरण मांडायला लागलंय. काळजी वेगळ्या गोष्टीची करायची. दोन वर्षं पूर्ण झाली तरी शब्द पन्नासच्या आत असतील, किंवा "बाबा गेला", "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडी येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणीही करून घ्या.

तापाचं औषध पाजताना आम्ही दोघं, आजी आणि शेजारच्या काकू एवढी फौज लागते. अर्धं औषध माझ्या ड्रेसवर जातं. चमच्याने द्यावं की कशाने?

फौज कमी करा. चार जणांनी धरलेलं मूल किंचाळतं आणि किंचाळणाऱ्या तोंडात ओतलेलं औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. याच कारणाने नाक दाबून पाजणंही नको.

घरातला चमचा बाजूला ठेवा. एका चमच्यात तीन मिली मावतं, दुसऱ्यात सात. औषधाच्या दुकानात सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज मिळते, ती आणा. मूल बसतं किंवा तिरकं धरा. सिरिंजचं टोक जिभेवर नको, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत न्या आणि एका वेळी अर्धा ते एक मिलीच सोडा. गिळलं की पुढचं. जिभेच्या मध्यावर पिचकारी मारली की ती तितक्याच वेगाने परत येते, म्हणून ड्रेस भरतो. आधी बर्फाचा खडा चाटायला दिला तर कडू कमी लागतं. वर्ष उलटलेल्या मुलाला नंतर मधाचं बोट चालेल. वर्षाच्या आत मध अजिबात नाही. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका. बाटली अर्धी राहिली तर किती औषध पोटात गेलं कळत नाही, आणि मूल दुधावरच रुसतं.

खरी गफलत बाटलीवरच्या आकड्यात होते. पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा मिलीला 100 मिलिग्रॅम असतात. सिरप कुठलं पाच मिलीत 125 मिलिग्रॅम, कुठलं 250. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी 150 मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर ते थेंबांचं दीड मिली, 125 च्या सिरपचं सहा मिली आणि 250 च्या सिरपचं तीन मिली होतं. दुकानदाराने बाटली बदलून दिली आणि घरात "सहा मिली" एवढंच पाठ असेल, तर थेंबांचे सहा मिली म्हणजे चौपट डोस. म्हणून चिठ्ठीवर मिली आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहून घ्या.

दिल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर सहसा पुन्हा देतात. अर्ध्या-पाऊण तासानंतर उलटी झाली तर पुन्हा नाही. मधल्या वेळेत झाली तर फोन करून विचारा.

मुलाने डोक्यात पातेलं घातलं आणि निघेना. शेवटी निघालं, पण पुढच्या वेळी काय करावं?

डोकं आत जाताना कान मागे दुमडतात, बाहेर येताना काठाला अडकून उलटे वळतात. म्हणून सरळ वर ओढू नका. कान दुखला की मूल मान ताठ करतं. काठाभोवती बोट फिरवून खोबरेल तेल लावा. एक कान डोक्याला चपटा दाबून धरा, पातेलं त्याच बाजूला तिरकं करून तो कान आधी सोडवा. मग दुसरा. प्लास्टिकचा डबा कापता येतो. स्टीलला घरी करवत लावू नका, 101 वर अग्निशमन दलाला फोन करा. तोवर पातेल्यावर ढोलकी वाजवत बसा, रडं थांबतं.

फोनवर बहिणीला म्हटलं होतं, "आत्या आली की चार दिवस मुक्काम ठोकते." आत्या दारात आल्या आणि साडेतीन वर्षांचा मुलगा म्हणाला, "आत्या, मुक्काम कुठे ठोकणार? आई म्हणाली तू ठोकतेस. मी हातोडी आणतो." मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

त्याला ठोकण्याचा एकच अर्थ माहीत आहे आणि तो मदतीला निघाला होता. वाक्प्रचार मुलं बरीच मोठी होईपर्यंत शब्दशः घेतात. दुसरं म्हणजे, आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला माहीत नसते, हे चार वर्षांच्या आसपास कळू लागतं. त्याआधी गुपित ही वस्तूच मुलाकडे नसते. त्यामुळे "आत्याला सांगायचं नाही हं" म्हणणं म्हणजे सांगायच्या वाक्याखाली लाल रेघ ओढणं.

त्या क्षणी "काहीतरीच बोलतो हा" असं म्हणू नका. पोरगं शब्द न् शब्द खरं बोललं आहे. त्यालाच खोटं पाडलंत तर तो पुरावे द्यायला लागेल आणि तुमचं उरलेलं वाक्यही बाहेर येईल. "ताई, शब्द माझाच आहे, आणि चार दिवसांच्या आत सोडणार नाही तुम्हाला. बसा, चहा टाकते." एवढं पुरे. नणंद बहुतेक वेळा हसते, कारण तिच्याही घरी असा एक भाट असतोच.

"काकांच्या पोटात बाळ आहे का?" या जातीचे प्रश्न थोडे आवरता येतात. लग्नाला निघण्याआधी पाच मिनिटं टेडीला पाहुणा करून खेळा: माणसाच्या अंगाबद्दल काही विचारायचं असेल तर आधी आईचा हात ओढायचा आणि कानात सांगायचं. दहातले चार प्रश्न तरी कानापर्यंत येतात. "गुपित ठेव" हे मात्र शिकवू नका. उद्या कोणी नकोशा गोष्टीवर गुपिताचं पांघरूण घालायला सांगितलं, तर त्याने तुम्हाला येऊन सांगायला हवं. वाढदिवसाच्या भेटीसारखं थोड्या वेळाने सगळ्यांना कळणारं "सरप्राइज" चालेल.

आणि फोनवर बहिणीशी बोलताना तो खेळण्यात गुंग आहे यावर विसंबू नका. खेळताना त्याचे हात गुंतलेले असतात, कान मोकळेच असतात.