शाळेतून युनिव्हर्सिटीत जाणाऱ्या मुलांचं तयारीचं सेशन पहिल्यांदाच घेताय?

मग आधी एक सांगतो, टाइम मॅनेजमेंटवर लेक्चर झोडू नका, मुलं माना डोलावतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. त्यापेक्षा एखाद्या कोर्सचा खराखुरा सिलॅबस प्रिंट काढून हातात द्या आणि म्हणा यातल्या सगळ्या डेडलाइन शोधून कॅलेंडरवर टाका. दोन असाइनमेंट आणि मिडटर्म एकाच आठवड्यात आलेली दिसली की चेहरे बघण्यासारखे होतात, वेगळं काही बोलावंच लागत नाही.

शाळेत कुणीतरी सतत मागे लागलेलं असतं, पुढे कोणी विचारत नाही आणि टाइमटेबलमधले रिकामे तास म्हणजे सुट्टी वाटते. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत (कोर्सचं काम क्रेडिटमध्ये मोजायची पद्धत) १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, वर्गातले तास धरून, म्हणजे बाकीचं आपलं आपणच करायचं, हे आकड्यात दाखवलं की पटतं.

अभ्यासाचं म्हणाल तर हायलायटर सरळ काढून घ्या :) वाचून झालं की वही मिटून आठवेल ते लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणारे ५ मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून बघणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

आणि हो, प्रोफेसरांना मेल लिहायची प्रॅक्टिस घ्याच, सब्जेक्ट लाइन, कोर्सचं नाव, नेमकी शंका, बस. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटायला ठेवतात त्या वेळेत, बोलावल्याशिवाय जायचं नसतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तेही क्लिअर करा. सोबत न्यायच्या सामानाची यादी वगैरे त्यांना कुठेही मिळते, त्यात वेळ घालवू नका.