‘लेव्हलर’ म्हणजे समतावादी?

प्रश्न असा आला आहे: १६४९ सालच्या ‘द लेव्हलर्स (फॉल्सली सो कॉल्ड) व्हिन्डिकेटेड’ या इंग्रजी पुस्तिकेच्या नावात जे ‘लेव्हलर्स’ आहेत, त्यांना मराठीत ‘समतावादी’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. समतावादी हा मानाचा शब्द. फुले-आंबेडकरांचं नाव घेणारा माणूस तो स्वतःहून लावून घेतो. लेव्हलर (शब्दशः ‘सपाट करणारा’) मात्र शिवी होती. १६०७ साली इंग्लंडच्या मध्य भागात सामाईक जमिनींभोवतीची कुंपणं उखडणाऱ्यांना ती मिळाली. चाळीसेक वर्षांनी ती संसदेचा सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्यातल्या मताधिकार मागणाऱ्यांवर फेकली गेली. म्हणजे हे लोक सगळ्यांच्या इस्टेटी सारख्या करणार, सब घोडे बारा टक्के! त्यांचा पुढारी जॉन लिलबर्न आणि त्याच्या साथीदारांनी कैदेतूनच जाहीर केलं होतं की मालमत्ता सारखी वाटण्याचा आमचा बेत नाही.

पुस्तिका सैनिकांची आहे. थकलेला पगार (आपल्या जुन्या कागदांत याला ‘रोजमुरा तुंबला’ म्हणतील), आयर्लंडच्या मोहिमेला नकार आणि सैन्याने १६४७ साली घेतलेली शपथ (गाऱ्हाणी दूर झाल्याशिवाय पांगणार नाही), यांवरून मे १६४९ मध्ये काही पलटणी उठल्या. क्रॉमवेलने बर्फर्ड गावी त्यांना मध्यरात्री गाठलं. सुमारे ३४० जण चर्चमध्ये कोंडले, तिघांना गोळ्या घातल्या. तिथल्या बाप्तिस्म्याच्या पात्राच्या शिशाच्या अस्तरावर त्यांच्यातल्या अँथनी सेडलीने नावापुढे ‘कैदी’ असं कोरलंय, तेही स्पेलिंग चुकवून.

मग ऑगस्टमध्ये सहा सैनिकांच्या सहीने ही पुस्तिका निघाली. शपथ आम्ही पाळली, मोडली ती वरिष्ठांनी. बोलणी चालू असताना आमच्यावर छापा घातला, हा तिचा सूर. नावातच कंसात म्हटलंय की आम्हाला हे नाव खोटंच लावतात.

गोची इथेच आहे. ‘खोटेच समतावादी म्हणवले जाणारे’ असं लिहिलंत तर मराठी वाचक ‘ढोंगी समतावादी’ असं वाचेल, म्हणजे सैनिकांच्या म्हणण्याच्या थेट उलट! मी ‘सपाटीवाले’ सुचवेन. शब्द ओबडधोबड आहे, पण त्यातला टोमणा ऐकू येतो. इतिहासाच्या लेखात सरळ ‘लेव्हलर’ ठेवा.

नावाच्या उरलेल्या भागासाठी, म्हणजे ‘व्हिन्डिकेटेड’साठी, ‘समर्थन’ नको, मिळमिळीत वाटतं. ‘कैफियत’ घ्या: ‘ज्यांना खोटेपणाने सपाटीवाले म्हणतात, त्यांची कैफियत’. प्रतिवादी कोर्टात आजही कैफियतच दाखल करतो.