मेल कंपनीचा, फोन कामगाराचा

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. मेल सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय. नव्या आवृत्तीत मोबाइल सिंक आलंय, असं व्हेंडर सांगतो. मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट सगळं फोनवर, आणि फोन हरवला तर ऑफिसात बसून पुसता येतो म्हणे. घ्यावं का? पोरं स्वतःचेच फोन वापरतात. शिवाय सध्या सुपरवायझरच्या फोनवर आलेला मेल ऑफिसच्या पीसीवर दिसतच नाही, ते का?
– एक फाउंड्रीमालक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. सुपरवायझरच्या फोनवर खातं पीओपी या मेल आणायच्या जुन्या पद्धतीनं जोडलेलं दिसतंय. पीओपी मेल उतरवून घेतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर सर्व्हरवरनं काढूनही टाकतं. मग पीसीला मिळणार काय? खातं आयमॅप या दुसऱ्या पद्धतीवर घ्या; मेल सर्व्हरवरच राहील आणि दोन्हीकडं सारखा दिसेल. याला नवी आवृत्ती लागत नाही, आजच करून घ्या.

आता सिंक. आयमॅप फक्त मेल सांभाळतं. कॅलेंडरला कॅलडॅव्ह आणि कॉन्टॅक्टला कार्डडॅव्ह वेगळं जोडावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं ॲक्टिव्हसिंक हे तिन्ही एकाच खात्यात आणतं, म्हणून इतरांचे मेल सर्व्हरही ते देतात. गिऱ्हाइकाचं ऑडिट मंगळवारचं गुरुवारवर गेलं, की ऑफिसात केलेला बदल लगेच मेल्टिंगवाल्याच्या फोनवर. माझ्या मते घ्याच.

फक्त त्या पुसण्याच्या बटणाला हात लावण्याआधी व्हेंडरला एक गोष्ट विचारा : नेमकं काय पुसलं जातं? जुन्या पद्धतीचा हुकूम अख्खा फोन कोरा करतो. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या पोरानं नोकरी सोडली आणि ऑफिसनं ते बटण दाबलं. कंपनीचे मेल गेले, त्याबरोबर त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटोही गेले. फोन त्याचा, हप्ते त्यानं भरलेले. हे मला अजिबात मान्य नाही. ॲक्टिव्हसिंकच्या १६.१ आवृत्तीपासून फक्त कंपनीचं खातं पुसायची सोय आहे, मात्र सर्व्हर आणि फोनवरचं ॲप, दोघांनाही ती यायला हवी. पोरांच्या फोनवर तेवढीच चालू ठेवा. आणि खातं जोडण्याआधी काय पुसलं जाईल ते त्यांना समजावून सांगा, सही घ्या.

फोन खरंच हरवला तर क्रम सांभाळा. आधी पुसण्याचा हुकूम सोडा, मग पासवर्ड बदला. पासवर्ड आधी बदलला तर फोनला सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही आणि हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. फोनला नेट नसेल तरीही काही पुसलं जात नाही, म्हणून थोड्या वेळात पोच आली नाही तर वाट न बघता पासवर्ड बदलून टाका. स्क्रीनलॉक सक्तीचा करायची सोय ॲक्टिव्हसिंकमध्येच आहे, ती पहिल्या दिवसापासून लावा.

तुमचा सर्व्हर एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) २०१६ किंवा २०१९ असेल तर मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. फोनसाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवावा लागतो, त्यामुळं सुरक्षेचे पॅच बंद झालेला सर्व्हर असा ठेवू नका.

आणि सिंकला बॅकअप समजू नका. फोनवर डिलीट केलेला मेल सर्व्हरवरनंही जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता हे तुम्हाला मी काय सांगायचं! अशा वेळी ऑफिसची वीज गेली की सर्व्हर बंद, आणि फोनवर उरतो तो जुना मेल. बॅकअपची एक प्रत पुराचं पाणी येत नाही अशा जागी, शिरोलीच्या बाहेर ठेवा.

प्रश्न : सिंक चालू केल्यापासून आमच्या सगळ्यांच्या फोनची बॅटरी दुपारीच संपते. फोन बदलायचे का?
– राजारामपुरीतील एक वाचक

उत्तर : फोन बदलू नका, आधी ऑफिसचा फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी, बघा. ॲक्टिव्हसिंकमध्ये फोन सर्व्हरला एक विनंती पाठवतो आणि नवा मेल येईपर्यंत सर्व्हर ती धरून ठेवतो. फायरवॉल शांत बसलेली जोडणी लवकर तोडत असेल तर फोन पुन्हापुन्हा जोडत बसतो आणि बॅटरी त्यातच जाते. जोडणी तोडण्याआधी थांबायची मुदत १५ ते ३० मिनिटांपर्यंत वाढवून घ्या.